गच्चीवरचा कानोसा

ता. ८ मार्च

मामा,

आधी नमस्कार, मग काम. काम असल्याशिवाय ही पोरगी लिहीत नाही असं मामी म्हणणार, आणि ते खरंच आहे.

आमचा डबा बोलत नाही. डबा म्हणजे आम्ही विद्यार्थ्यांनी मिळून बांधलेला तो उपग्रह. त्याचा फोटो पाठवला होता तेव्हा मामीने "हा तर चपलांचा खोका" म्हणून त्याचा निकाल लावला होता. वर सोडल्यापासून त्याने एकदाही तोंड उघडलेलं नाही. तो कुठून कुठे जातोय ते कळतं, पण त्यातून जो बारीक आवाज यायला हवा तो आजवर कुणालाच मिळालेला नाही. आमचा अंदाज असा की त्याची बॅटरी दमली आहे. उन्हात बराच वेळ राहिला की तेवढ्यापुरता जागा होत असेल आणि सावलीत गेला की पुन्हा डोळे मिटत असेल. हिशोब मांडून पाहिला तर तो जागा असण्याची वेळ येते ती नेमकी सकाळी, तुमच्या घरावरून जाताना. आमच्या डोक्यावर येईस्तोवर त्याचा जीव गेलेला असतो.

प्रयोगशाळेत हल्ली बऱ्याच खुर्च्या रिकाम्या असतात. काहीजण दुसरीकडे लागलेसुद्धा. सरांनी मेअखेरची मुदत दिली आहे. तोवर कुणालाच ऐकू आला नाही तर डबा मेला असं जाहीर करायचं आणि दाराला कुलूप घालायचं. माझी शिकायची सगळी वर्षं त्या खोक्यात गेली आहेत मामा. तो मेला तर मी पुन्हा कुठून सुरुवात करू हे मला कळत नाही.

म्हणून तुमच्याकडे आले. जगभरच्या हौशी लोकांचं एक जाळं आहे. आपापल्या छपरावर अँटेना लावायची, तिला छोटा कॉम्प्युटर जोडायचा आणि जाळ्यात नाव नोंदवायचं. मग वरून जाणारे उपग्रह ऐकायचे आणि ऐकलेलं सगळ्यांसाठी खुलं ठेवायचं. कुणी कुणाला पैसे देत नाही. तुमच्या भागात मात्र असं केंद्र एकही नाही. सगळं सामान मी पाठवते. ऐकायचं काम कॉम्प्युटर करतो, तेव्हा कानांची सबब चालणार नाही.

मामीचा घसा अजून बसलेलाच? तिला बोलायची बंदी करणारा डॉक्टर शूरच म्हणायचा.

तुमची,
भिंगरी


ता. २९ मार्च

भिंगरे,

खोकी पोचली. बहिऱ्याच्या घरी ऐकायचं यंत्र म्हणजे टकल्याला कंगवा. जन्मभर छापखान्यात मशीनशेजारी उभं राहून कान गेले, आणि म्हातारपणी आकाशाचं ऐकायला बसलोय. मामीला हसू आवरेना.

नाव नोंदवायला एक आख्खी सकाळ गेली. त्यांनी समुद्रसपाटीपासूनची उंची विचारली. मला आपला दुसरा मजला एवढंच ठाऊक, मग ती तूच कळवलीस. मग केंद्राचं नाव विचारलं. मी माझं नाव घालणार होतो, तर मामीने पाटीवर 'कानोसा' असं लिहून माझ्यापुढे धरलं. बंदी असल्यामुळे ती हल्ली पाटीवर लिहिते, नाहीतर नुसते ओठ हलवते. मला ते वाचायची जुनी सवय आहे, त्यामुळे आमच्या घरात आता दोघांनाही आवाजाची गरज उरलेली नाही.

अँटेना गच्चीवर चढवायला खालचे टेलरमास्तर आले. तू लहान असताना ज्यांच्या दुकानातली बटणं चोरायचीस तेच. पाण्याच्या टाकीशेजारी पाइप उभा करून आम्ही तो तारांनी आवळला. नकाशावर आपला ठिपका पिवळा दिसतो. नवख्याला म्हणे आधी चाचणीवर ठेवतात. ठेवू देत. छापखान्यात मलाही आधी नुसते कागद उचलायला ठेवलं होतं.

आता बसून वाच. तुझा डबा सापडला. सकाळी तो वरून गेल्यावर चित्र आलं. निळसर, दाणेदार, शाई कमी पडलेल्या छपाईसारखं. त्यात वरपासून खालपर्यंत एक बारीक रेघ, सुरेख वळण घेतलेली. दुसऱ्या दिवशी तीच, तिसऱ्या दिवशीही तीच. कुणीतरी वळसा घालून जातोय हे आंधळ्यालाही कळलं असतं. मी 'ऐकू आला' या बटणावर बोट ठेवून मोकळा झालो. मामीने ते चित्र बघायला माझा फोन हातात घेतला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

मामा


ता. ३१ मार्च

मामा,

कसं सांगू ते कळत नाही. ती रेघ डब्याची नाही.

मीसुद्धा चित्र उघडलं तेव्हा क्षणभर फसले, कारण मला फसायचंच होतं. पण ती वाकडी आहे ना, तिथेच सगळं आलं. डबा आपल्याकडे येत असतो तेव्हा त्याचा सूर चढलेला असतो आणि दूर जाताना उतरतो. कॉम्प्युटरला हे आधीच माहीत असतं, म्हणून तो स्वतःच तेवढी सरकासरक करून घेतो. त्यामुळे आकाशातून आलेलं चित्रात सरळ उभं दिसतं. आणि जे जमिनीवर एका जागी बसलेलं असतं, हललेलंच नसतं, ते वाकडं दिसतं. तुमच्या त्या सुरेख वळणाचा धनी तुमच्याच घरात बसलाय.

तुमचं 'ऐकू आला' कुणीतरी खोडलं. जाळ्यातले लोक एकमेकांची चित्रं तपासतात. एकाने खाली लिहिलंय, "नव्या मित्राच्या फ्रिजची तब्येत उत्तम दिसते." वाईट वाटून घेऊ नका, प्रत्येक नव्या केंद्राचं असं होतं.

पण ती रेघ नेमकी तिथे येते जिथे डब्याचा आवाज असायला हवा. तो बोलत असला तरी तिच्याखाली दबून जाणार. घरातली एकेक वस्तू बंद करून बघा आणि ती सापडली की फक्त डबा वरून जाईपर्यंत, दहा-बारा मिनिटं, बंद ठेवा. एवढं केलंत तर बाकी मी बघते.

भिंगरी


ता. ६ एप्रिल

भिंगरे,

तुझ्या सांगण्यावरून घराची झडती घेतली. फ्रिज बंद केला, पंखे बंद केले, ट्यूबलाइट बंद केल्या, फोनचा चार्जर काढला. दुधाला विरजण लावायचं राहिलं आणि फ्रिजमधलं पाणी कोमट झालं, पण रेघ हटेना.

शोध लागला तो असा. टेलरमास्तरांनी मशीनला नवी मोटार बसवली आहे. ती सकाळपासून चालू असते. माणसाचं पोट त्यावर आहे, त्याला बंद कर म्हणणं बरं दिसत नाही. तू दुसऱ्या कुठल्या गावात कुणी मिळतं का बघ. मी हात झटकतोय असं समजू नकोस.

मामीचं ठीक आहे.

मामा


ता. १० एप्रिल

मामा,

दुसऱ्या गावात कुणी मिळालं असतं तर तुम्हाला त्रास दिलाच नसता.

दहा मिनिटं मागतेय मी. टेलरमास्तर दहा मिनिटं चहा पीत नाहीत का? ते चहा पितील तेवढाच वेळ मोटार बंद ठेवायची. तुम्ही त्यांच्याशी बोललातच नाही असा मला संशय आहे. आयुष्यभर कुणाकडे काही मागितलं नाहीत याचा तुम्हाला अभिमान आहे हे मी जाणते. पण हा अभिमान या वेळी माझ्या जिवावर उठलाय.

आज प्रयोगशाळेत आम्ही तिघंच होतो. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. सरांनी सगळं आवरायच्या तारखेची चौकशी केली. मी त्यांना म्हटलं, माझ्या मामांचं केंद्र आहे, ते करतील काहीतरी. आता मला त्यांच्यासमोर उभं राहायची लाज वाटते.

तुम्हाला जमत नसेल तर टेलरमास्तरांचा नंबर द्या. मी बोलते.

भिंगरी


ता. १९ एप्रिल

भिंगरे,

टेलरमास्तरांना फोन करू नकोस. त्यांनी मोटार वगैरे काही बसवलेली नाही, ते मशीन अजून पायानेच चालवतात. त्या बापड्याच्या नावावर मी खोटं खपवलं.

रेघ आपल्या घरातली आहे. मामीच्या उशाशी ऑक्सिजनचं मशीन आहे, रात्रंदिवस चालणारं. गेल्या वर्षाअखेरपासून. तिची फुप्फुसं निकामी होत चालली आहेत. घसा बसलेला नाही आणि कुणी बोलायची बंदीही केलेली नाही. फोनवर दोन वाक्यं बोलली की तिला धाप लागते, आणि ती धाप तुला ऐकू जाईल म्हणून तिने फोन सोडला. डबा बोलेपर्यंत पोरीला कळवायचं नाही अशी मला शपथ घातली. पाटीचं मी तुला गंमत म्हणून लिहिलं. त्यात गंमत काहीच नव्हती.

त्या दिवशी मी एकेक बटण बंद करत घरभर हिंडलो. सगळं बंद झालं तरी रेघ तशीच, तेव्हा शेवटी तेवढं एकच उरलं. मी तिच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो. तिने माझ्याकडे पाहिलं, मग मान वळवून मशीनकडे पाहिलं आणि तिला कळलं. मला त्या मशीनच्या बटणाकडे बघायचीसुद्धा भीती वाटली. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आवरत बसलो.

डॉक्टर महिन्यांची भाषा करतात, वर्षांची करत नाहीत.

तुझं मागचं पत्र वाचून राग आला नाही. पण तुझ्यासाठी जे करता येत नाही त्याचं कारणही सांगता येत नाही, यापरती शिक्षा नाही. आज शपथ मोडली. मामीला अजून सांगितलेलं नाही.

मामा


ता. १९ एप्रिल

मामा, मामी,

पत्र आत्ताच वाचलं. मी काय काय लिहून गेले ते पुन्हा वाचायची हिंमत होत नाही.

ते केंद्र आजच बंद करा. अँटेना उतरवा, नाहीतर तशीच राहू द्या, कावळे बसतील. मला डबा नको. मी तिकीट बघतेय. दोन विमानं बदलावी लागतात पण या महिन्यात पोचते.

मामी, शाळेची सगळी वर्षं मी तुझ्या घरात काढली. मला साधी सर्दी झाली तरी तुला माझ्या चालण्यावरून कळायचं. आणि तू मला एवढं लपवलंस. मी तुझ्यावर खूप चिडले आहे आणि इथे मला रडू आवरत नाही.

भिंगरी


ता. २२ एप्रिल

भिंगरे,

खबरदार तिकीट काढलंस तर.

हे मी स्वतः लिहितेय. तुझ्या मामाला औषधं आणायला पिटाळलंय. कीबोर्डवर एकेक अक्षर शोधून काढावं लागतं, पण बोलण्यापेक्षा हे बरं, यात दम लागत नाही. त्याने शपथ मोडली म्हणून मी दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला. पण बहिऱ्याशी अबोला धरून उपयोग काय, त्याला कळलंच नाही.

आता कामाचं. उशाशी मशीन आहे तसं पायथ्याशी एक लहान सिलिंडर आहे, वीज गेली तर म्हणून ठेवलेलं. त्यातली हवाही तीच. नळी इथून काढायची, तिथे लावायची. तुझा डबा येऊन जाईपर्यंत मी सिलिंडरवर राहीन, मग परत मशीनवर. डॉक्टरांना विचारून घेतलं. ते म्हणाले चालेल, फक्त सिलिंडर रिकामं पडू देऊ नका. संपत आलं की दुकानवाला भरायला घेऊन जातो आणि दोन दिवसांनी आणून देतो. म्हणजे मामा घाबरतो तसं यात काही नाही. त्याला तर माझ्या कुशीवर वळण्याचीही भीती वाटते.

आणि हे मी तुझ्यासाठी करतेय असा आव मी आणणार नाही. गेले कित्येक महिने मला प्रत्येकजण काहीतरी देतोय. कुणी औषध देतं, कुणी पाणी, कुणी नुसतीच दया. माझ्याकडे कुणी काही मागत नाही. माणसाकडे कुणी काही मागेनासं झालं की त्याचं संपलं, बघ. तू मागितलंस. नकळत का होईना, पण मागितलंस, आणि चिडून, हक्काने मागितलंस. ते पत्र मी दोनदा वाचलं आणि मला बरं वाटलं.

तुझ्या पोराला बोलतं कर आणि मग ये. मी कुठे पळून जात नाही.

मामी


ता. २४ एप्रिल

मामी,

तुझ्यापुढे आजवर कुणाचं चाललंय?

डॉक्टर खरंच चालेल म्हणाले असतील तरच. आणि तुला जरा जरी जड वाटलं तरी लगेच मशीनवर जायचं, डबा गेला खड्ड्यात. सकाळच्या वेळा मी कॉम्प्युटरला लावून ठेवते. तुम्ही फक्त नळी बदलायची.

तू नाही म्हणाली असतीस तर मला सुटल्यासारखं वाटलं असतं. आणि खरं सांगते, हो म्हणालीस तेव्हाही सुटल्यासारखंच वाटलं. या दुसऱ्या सुटण्याची मला लाज वाटते.

भिंगरी


ता. ४ मे

मामी, मामा,

बोलला. डबा बोलला.

आज सकाळचं चित्र उघडलं तर वाकडी रेघ नाहीच. स्वच्छ, कोऱ्या कापडासारखं. आणि मधोमध, अगदी फिकट, दोऱ्यासारखी एक सरळ रेघ. मी ते मोठं करून पुन्हा पाहिलं. मग सरांना बोलावलं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. सोडून गेलेल्यांतले दोघं संध्याकाळपर्यंत परत आले.

आवाजातून त्याची तब्येतही कळली. बॅटरी अगदी तळाला गेली आहे, पण मेलेली नाही. आम्ही इथून त्याला हुकूम पाठवतोय की बाकी सगळं बंद ठेव आणि नुसतं ऊन खा. तो ऐकतोय की नाही हे मात्र फक्त सकाळी तुमच्या घरावरून कळतं. पुढचे आठ-दहा दिवस फार नाजूक आहेत. एकही सकाळ चुकायला नको. एक चुकली तरी आम्हाला अंधारात हुकूम द्यावा लागेल, आणि चुकीचा हुकूम गेला तर तो कायमचा झोपेल.

मामी, तुला कसं वाटतं ते मात्र मला खरं खरं लिही. सिलिंडर आहे ना पुरेसं?

भिंगरी


ता. ६ मे

भिंगरे,

मामी म्हणते, सिलिंडर भरपूर आहे असं लिही. लिहिलं.

तिने ते चित्र मला छापून आणायला लावलं आणि उशाशी भिंतीवर चिकटवलं. डॉक्टर तपासायला आले तर त्यांना नाडी दाखवायच्या आधी ते दाखवलं. हा माझ्या भाचीचा मुलगा, असं पाटीवर लिहून दाखवलं. डॉक्टर गोंधळले.

सकाळी माझ्याआधी उठून बसते. वेणी घालून घेते. नळी बदलताना मला हात लावू देत नाही. केंद्राचा ठिपका आता हिरवा झालाय. टेलरमास्तरही रोज येऊन विचारून जातात.

तू जपून राहा.

मामा


ता. १३ मे

मामा,

काल दुपारपासून नकाशावर कानोसाचा ठिपका लाल दिसतोय, म्हणजे केंद्र बंद आहे. आज सकाळचं चित्र आलं नाही. प्लग निघाला असेल, नाहीतर कॉम्प्युटर अडकला असेल. बंद करून पुन्हा चालू करून बघाल का?

चिडत नाहीये. डब्याने परवाच हुकूम मानला, बॅटरी चढायला लागली आहे. आजची सकाळ गेली तरी निभावेल. पण उद्याची मिळाली तर बरं.

भिंगरी


ता. १४ मे

मामा, आजही नाही. मी घरी फोन लावला, कुणी उचलला नाही. केंद्राचं राहू द्या, एक ओळ लिहा फक्त.


ता. १८ मे

भिंगरे,

मामी गेली. मंगळवारी, दुपारी.

वादळ झालं आणि सगळ्या भागाची वीज गेली. सिलिंडर लावलेलं होतं. शेवटपर्यंत चालू होतं. तिचं हृदयच थकलं होतं, ते थांबलं. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. तू हिशोब मांडत बसशील हे मला माहीत आहे, म्हणून आधीच लिहितो की तुझ्या डब्याचा यात काही संबंध नाही.

तुला त्याच दिवशी कळवायला हवं होतं. पण कळवलं असतं तर तू धावत निघाली असतीस आणि तरी पोचली नसतीस. सगळं उरकलं आहे. टेलरमास्तरांनी सगळं पाहिलं. वीज परवा आली. कॉम्प्युटर आपोआप सुरू झाला असेल, मी गच्चीवर गेलेलो नाही.

घाई करून येऊ नकोस. तुझं काम पूर्ण कर. तिची तीच इच्छा होती.

मामा


ता. २७ मे

मामा,

इतके दिवस लिहिता आलं नाही. पाच-सहा वेळा बसले आणि उठले.

डबा जगला. आता तो आमच्या डोक्यावरूनही बोलत जातो, तुमच्या गच्चीची त्याला गरज उरलेली नाही. सरांनी कुलूप घालायचं रद्द केलं. जाळ्याच्या पानावर डब्याच्या नावापुढे 'प्रथम ऐकला: कानोसा' असं लिहिलंय आणि खाली कुठकुठल्या देशांतून लोकांनी अभिनंदन केलंय. मी ते उघडते आणि बंद करते. प्रयोगशाळेत जाववत नाही.

मला एक विचारायचंय. विचारू नये हे कळतं, पण न विचारता मला जगता येणार नाही.

मामीने लिहिलं होतं की सिलिंडर भरायला गेलं की दोन दिवस परत येत नाही. सगळी चित्रं माझ्याकडे आहेत. पहिल्या सरळ रेघेपासून वादळाच्या दिवसापर्यंत एकूण एक सकाळचं चित्र स्वच्छ आहे. एकाही सकाळी मशीन चालू नव्हतं. म्हणजे रोज सकाळी ती सिलिंडरवरच होती. ते दोन दिवस मला कुठेच सापडत नाहीत मामा.

मग ते भरायला गेलं कधी?

भिंगरी


ता. ९ जून

भिंगरे,

तीन वेळा तुला उत्तर लिहिलं आणि तिन्ही वेळा खोटं लिहिलं. चांगलं जमलं होतं. दुकानवाल्याने एक नेऊन लगेच दुसरं बदली दिलं, एवढं लिहिलं असतं की तुझी चित्रं आणि माझं खोटं अगदी बरोबर जुळत होतं. तू ते मानलं असतंस, निदान मानल्यासारखं केलं असतंस. पण मग यापुढे तू माझ्याशी जपून बोलली असतीस आणि मी तुझ्याशी. मामी गेल्यावर मोकळं बोलायला आपल्या दोघांना एकमेकांशिवाय आहे कोण? म्हणून ती तिन्ही उत्तरं पुसून टाकली.

सिलिंडर भरायला गेलंच नाही.

एकही सकाळ चुकायला नको, हे तुझं पत्र आलं तेव्हा सिलिंडरवरचा काटा बराच खाली उतरला होता. मी दुकानवाल्याकडे जायला चपला घातल्या. तिने माझा हात धरला. म्हणाली, एवढ्या सकाळी होऊ देत, मग पाठव. मी म्हटलं, वीज गेली तर? ती म्हणाली, आपल्याकडची वीज तासाभरात येते. खरंच येते. मी चपला काढल्या. सिलिंडर भरपूर आहे हे तुला तिने लिहायला लावलं आणि मी काट्याकडे पाठ करून लिहिलं.

सगळं तिच्यावर ढकलत नाही. मला जायचं असतं तर तिचा हात सोडवून घेणं अवघड नव्हतं, तिच्यात ताकद उरली होती कुठे? पण त्या दिवसांत ती वेणी घालून, उठून बसून सकाळची वाट बघत होती. वर्षभरात मी तिला तशी पाहिली नव्हती. दोन दिवस सिलिंडर घरात नाही म्हणजे दोन सकाळी तिने भिंतीकडे तोंड करून पडायचं. ते मला बघवलं नसतं. आणि तुझा डबा जगावा असं मलाही वाटत होतं. तू मागितलंस, तिने दिलं, मी देऊ दिलं. यातलं कुणाचं किती, ते मी मोजत बसलेलो नाही. तूही मोजू नकोस असं सांगून उपयोग नाही, तू मोजणारच.

त्या दुपारी वादळ झालं, वीज गेली. सिलिंडर लावलं. काटा टेकला तरी वीज आली नाही. मला फोन लावता येतो, पण पलीकडचं ऐकू येत नाही, म्हणून धावत खाली टेलरमास्तरांकडे गेलो. त्यांनी दवाखान्याची गाडी मागवली. रस्त्यावर झाड पडलं होतं, ती वळसा घेऊन यायची होती. वेळ वाचावा म्हणून आम्ही दोघांनी तिला खुर्चीत बसवलं आणि खुर्ची उचलून जिना उतरू लागलो. ते पुढे, मी मागे, तिच्या खांद्यावर माझा हात.

जिन्याच्या वळणावर तिने मान मागे टाकून माझ्याकडे पाहिलं आणि ती काहीतरी म्हणाली. दिवे गेलेले, बाहेर आभाळ भरून आलेलं, जिन्यात काळोख होता. मला तिचे ओठ दिसले नाहीत. मी खाली वाकलो, तोवर ती गेली होती.

टेलरमास्तरांचे कान शाबूत आहेत. ती काय म्हणाली ते त्यांनी ऐकलं आहे. ते दोनदा वर येऊन बसून गेले, मी काही विचारेन याची वाट बघत. मी विचारलं नाही. ती मला दोष देऊन गेली असली तर, तुझं नाव घेऊन गेली असली तर, नुसतं पाणी मागून गेली असली तर, यातलं काहीही एकट्याने कळून घ्यायचं धाडस माझ्यात नाही.

तिकीट काढ आणि ये. मग आपण दोघं खाली जाऊन त्यांना विचारू.

मामा